भाजी मंडपात, रान तारेआड

मा. मुख्यमंत्री, मा. वनमंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

जोहार.

दरवर्षी ९ ऑगस्टच्या, म्हणजे आदिवासी दिनाच्या, आसपास आपला कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. मंडप, फ्लेक्स, पाककृती स्पर्धा, उत्तम मांडणीला प्रमाणपत्र असा सगळा थाट असतो. मागच्या खेपेला आमच्या पाड्यातल्या बायकांनाही निरोप आला की शेवळं, करटोली, टाकळा, भारंगी, जे असेल ते घेऊन या. शेवळं जूनमध्येच उरकतात, ऑगस्टात ती कुठून आणायची, हे निरोप धाडणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. बायका तरी गेल्या. करटोली नेली, टाकळा नेला, फोटो निघाले.

त्याच उन्हाळ्यात, ज्या रानात ही शेवळं उगवतात तिथे जेसीबी आला होता. रानाच्या कडेने चर मारला, तार ओढली, आत ओळीने खड्डे घेतले आणि वर फलक लावला की हे रोपवन क्षेत्र आहे, चराई आणि प्रवेश मना आहे. त्या रानावर आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वन हक्काचा, म्हणजे गावाने मिळून ते रान वापरायच्या आणि राखायच्या हक्काचा, दावा पडून आहे. ग्रामसभेला कुणी विचारलं नाही. निर्णय कोणाचा, हे विचारायला गेलो तर एका टेबलाने दुसरं टेबल दाखवलं.

हे पत्र मी खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातली पत्रं आम्ही पुष्कळ लिहून झालो. त्या कार्यालयाचं आणि आमच्या पाड्याचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की प्रकरण एका साहेबाच्या बदलीवर मिटतं, आणि मला ते तसं मिटायला नको आहे. पालघरच्या डोंगरपट्टीतच नाही, राज्यातल्या कितीतरी आदिवासी गावांत थोड्याफार फरकाने हेच चाललं आहे.

मी वारली आहे. आश्रमशाळेत शिकले, पुढे कॉलेजला गेले, परत पाड्यावर आले आणि गावाच्या वन हक्क समितीची सचिव झाले. दाव्याचे नकाशे मी काढले, पण त्यातली नावं मला आईने आणि तिच्या वयाच्या बायकांनी सांगितली. कुठल्या उतारावर कोणतं कंद, कुठल्या ओहोळाचं पाणी कधी आटतं, कुठल्या खडकाखाली वाघदेव, कुठे कुऱ्हाड लावायची नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मला अर्धंही नव्हतं.

शेवळाचंच सांगते, म्हणजे तार पडल्याने काय गेलं ते कळेल. पहिला पाऊस जमिनीत मुरला की झाडांच्या सावलीत हे जांभळट कोंब वर येतात, आणि पंधरा-वीस दिवसांत हंगाम संपतो. बायका कोंब तेवढा खुडतात, खालचा कंद हलवत नाहीत, कारण पुढच्या वर्षीची भाजी त्याच्यातच असते. एका जागचे सगळे कोंबही घेत नाहीत. घरी आल्यावर आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. उरलेलं चिरून काकडाच्या फळांचा आंबट रस घालून शिजवायचं. काकड नसेल तर शेवळाला हात लावायचा नाही, इतकं ते साधं आहे. आणि काकडाचं झाडही त्याच रानात. निसर्गाने विष आणि उतारा शेजारी ठेवले, एवढं ओळखायला आमच्या आज्यांना किती पिढ्या लागल्या असतील कोण जाणे. खड्डे घेणाऱ्या यंत्राने ते कंद उपटून ढिगाऱ्यावर टाकले. काकडाची तीन मोठी झाडं 'अडथळा' म्हणून तोडली आणि जागी सागाची रोपं लावली. सागाखाली शेवळ येत नाही, असं आमच्या बायका म्हणतात. साग लावणाऱ्यांनी त्यांना विचारून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता आमच्या तक्रारी. त्या कुणा एका खात्याच्या नाहीत, म्हणून तिघांच्या नावे पत्र.

पहिली तक्रार झाडांची. २०१६ पासून राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला. मोहीम मोठी होती, मंत्री-अधिकारी कुदळ घेऊन उभे राहिले. झाडं लावण्याला आमचा विरोध का असेल? पण जिथे ऐन, मोह, हेद, कळंब, काकड, उंबर, हिरडा असं मिसळीचं रान आधीच आहे, ते 'विरळ जंगल' म्हणून कागदावर मोकळं दाखवायचं आणि तिथे एकजातीची लागवड करायची, याला झाडं लावणं म्हणत नाहीत. दुसरीकडे कुठेतरी धरणासाठी, रस्त्यासाठी, खाणीसाठी जंगल जातं, त्याची भरपाई म्हणून पैसे येतात आणि ते पैसे खर्च करायला जागा हवी असते. ती जागा आमची निघते. एकदा गेलेलं रान दुसऱ्याच्या रानात भरून काढायचा हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात ठाऊक नाही.

दुसरी तक्रार राबाची, आणि ती फार जुनी आहे. भाताचं आणि नागलीचं रोप करायच्या जागेवर आम्ही शेण, झाडाच्या फांद्या, पातेरा, गवत असे थर घालतो, वर माती पसरतो आणि उन्हाळ्यात तो राब भाजतो. माती वर असते म्हणून आग भडकत नाही, धुमसत जाते. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. फांद्या घेताना शेंडा राखायचा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा राबाच्या फांद्यांवर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत त्यावर एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. आमचा भाग तेव्हा ठाण्यातच होता. इतकी वर्षं झाली, आणि आजही एप्रिलमध्ये डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन येणारी बाई वाटेत शिपाई दिसला की आडवाट धरते. कृषी सहायक सांगतात की राब न भाजताही रोपं करता येतात. काही जागी जमतंही, करून पाहिलेले लोक आमच्यात आहेत. पण बदलायचं की नाही हे शेतात ठरावं. आडवाटेच्या भीतीने ठरू नये.

आगीचा विषय निघालाच आहे तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचं एक उदाहरण देते. अर्नहेम लँड भागातले मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवत अजून ओलसर असताना, जागा निवडून लहान लहान आगी लावत. वस्त्या उठल्या, लोक लांब गेले, आणि हंगामाच्या शेवटी प्रचंड वणवे पेटू लागले. २००६ पासून तिथे त्याच लोकांना रेंजर म्हणून पगार देऊन जुन्या पद्धतीने आग लावायचं काम परत दिलं. एका गॅस कंपनीने त्याचे पैसे दिले, कारण मोठे वणवे टळल्याने हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू कमी होतात आणि ती घट कंपनीच्या प्रदूषणाच्या हिशोबात वळती करता येते. गोऱ्या सरकारांनी काळ्या माणसांकडून जमीन काढून घेतली, तिची देखभाल कशी करायची हे विसरून गेले, आणि शेवटी विचारायला त्यांच्याकडेच आले. आपल्याकडे अजून विचारायलासुद्धा कुणी येत नाही.

तिसरी तक्रार नोंदवहीची. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची वही, व्हायची होती. कित्येक वर्षं कुणी हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली आणि सगळीकडे धावपळ उडाली. आमच्याकडे एका एजन्सीचा मुलगा आला. दुपारभर बसला, भगताला, म्हणजे आमच्या वैदूला, झाडपाला विचारला, फॉर्म भरला, चहा पिऊन गेला. चांगला मुलगा होता, त्याचा दोष नाही. नोंदवही मात्र आम्ही आजतागायत पाहिली नाही. तिच्यात काय लिहिलं, कोणतं मूळ कशावर चालतं ते कुणाला दिसणार आहे, काही कळायला मार्ग नाही. भगताचं काही ज्ञान असं असतं की ते योग्य माणसालाच द्यायचं असतं. म्हातारा नंतर अस्वस्थ झाला होता की आपण जास्त बोललो की काय. वन हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. किती गावांच्या हक्कपत्रावर तो नोंदला गेलाय, हे एकदा काढून पाहा.

चौथी तक्रार आश्रमशाळेची. ही लिहिताना हात जड होतो, कारण तिथे मला दोन वेळचं जेवण आणि अक्षरं मिळाली. तरी लिहिते. सहा-सात वर्षांचं पोर घरून उचलून वसतिगृहात आणायचं. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, म्हणजे नेमकी शेवळं, कोळीची भाजी, खेकडे, पेरणी, सगळं सुरू होतं तेव्हा. पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, हे पोराने ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं. कडूकंद चिरून राखेत उकडून रात्रभर वाहत्या ओहोळात टोपलीने ठेवायचा तेव्हा त्याचा कडूपणा जातो, हे मी वयाच्या विसाव्या वर्षानंतर शिकले. त्याआधी मला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ होती. वर आमची आईबापं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. म्हणजे पावसाळ्यात पोर शाळेत आणि उन्हाळ्यात आईबाप भट्टीवर. शिकवणार कोण आणि कधी?

या ज्ञानाशिवाय काय होतं, ते याच डोंगरांनी पाहिलं आहे. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर योजनांचा पाऊस पडला. अंगणवाडीतली पाकिटं आली, गरोदर बायांना गरम जेवण देणारा अमृत आहार आला. मिळावं तेच मिळालं, मी नावं ठेवत नाही. पण ताटातली नागली-वरई कमी होत गेली, कंद-भाज्यांची वाट बंद होत गेली, त्याचा विचार या योजनांमध्ये कुठेच दिसत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या पक्षांनी अभिनंदनाचे फलक लावले. राहीबाईंचा सन्मान हवाच. पण वरकस जमिनीवरचा दावा नामंजूर करून त्या उतारावर पिकणारं बी मात्र जपायला सांगायचं, हे जमायचं कसं?

पाचवी छोटीशी. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता ती उड्डाणपुलाखाली, एसटी स्टँडवर, मंत्रालयाच्या भेटवस्तूंवर असतात. लग्नाचा चौक सवासिणी तांदळाच्या पिठाने लिहितात आणि धवळेरी, म्हणजे लग्न लावणारी गाणारी बाई, त्याच्यापुढे गाते, त्यात झाडं असतात, देव असतात, कणसरी असते. कणसरी म्हणजे धान्याची आई. ती भिंतीवर चालते, शेतात चालत नाही, अशी आमची गत झाली आहे.

इथे एक सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. आम्ही जंगलाचे साधुसंत नाही. आमच्यातलेही काही जण रात्री खैर तोडून व्यापाऱ्याच्या गाडीत भरतात. माझ्या ओळखीतले आहेत. ग्रामसभेने त्यांना दंड लावायचं ठरवलं तेव्हा त्यांनी विचारलं, रान तुमच्या मालकीचं आहे का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. हक्क कागदावर असता तर असतं.

उत्तर कसं मिळतं तेही महाराष्ट्रातच दिसलं आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायला लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. चंद्रपूरच्या पाचगावने हक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडणं मात्र स्वतःहून थांबवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. पैसा समोर दिसत असताना सोडला. सरकारी कार्यालयातून असा ठराव निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना हे हक्क मिळाले. कायदा तोच, राज्य तेच. मग आमच्या डोंगरात वेगळं का?

आणि हे दान नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आणि तो दूर करायचा आहे. याच भागात १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर आमचे आजे-पणजे वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. सावकार-जमीनदारांच्या शेतावर फुकट राबायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी गोळ्या झेलल्या. पुढे २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला, त्याच्या बाजूने भारताने मत दिलं. ९ ऑगस्टला भाषणात त्याचा उल्लेख होतोच.

तर आमच्या मागण्या अशा.

ज्या जमिनीवर सामूहिक वन हक्काचा दावा प्रलंबित आहे, तिथलं रोपवनाचं, चराचं, कुंपणाचं काम आजपासून थांबवा. दावा निकाली निघेपर्यंत तिथे यंत्र जाऊ नये. आमच्या रानातली तार काढा, निदान जूनमध्ये बायकांना आत जायला वाट मोकळी ठेवा, तीही लेखी. तोंडी परवानगी पुढचा साहेब मानत नाही.

उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांकडे पडलेल्या दाव्यांची गाववार यादी प्रसिद्ध करा. नामंजूर केला तर कारण लेखी द्या आणि फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवा. नियमात हेच आहे, नवीन काही मागत नाही.

भरपाई वनीकरणाचे पैसे आदिवासी गावाच्या हद्दीत खर्च करायचे असतील तर आधी ग्रामसभेचा ठराव, आणि कोणती झाडं लावायची हेही ग्रामसभा ठरवील. काकड, मोह, हिरडा, उंबर यांची रोपं करायला आमच्या बायका तयार आहेत. रोपवाटिकेचं काम त्यांना द्या, मजुरी वेळेवर द्या.

राबासाठी फांद्या आणि पातेरा घेण्याबाबत स्पष्ट परिपत्रक काढा. कोणत्या झाडाच्या, किती, कधी, हे गावाबरोबर बसून ठरवा.

जैवविविधता नोंदवहीची प्रत ग्रामसभेला द्या आणि ती भरसभेत वाचून दाखवा. जे गावाला उघड करायचं नाही ते वगळायचा अधिकार गावाला हवा. हक्कपत्रावर पारंपरिक ज्ञानाचा हक्क नोंदवा.

आश्रमशाळांमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलांना गावी काही दिवस राहू द्या, आणि तो अभ्यास धरा. भगत, सुईण, धवळेरी, कंद ओळखणाऱ्या बायका यांना शाळेत मानधनावर बोलवा. बी.एड. विचारू नका.

रानभाजी महोत्सव जरूर भरवा. फक्त आधी आम्हाला विचारा की कोणती भाजी कधी येते, आणि बायकांचं गाडीभाडं द्या. मागच्या वेळी ते त्यांनी पदरचं घातलं.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं ही विनंती. शक्य असेल तर आपल्यापैकी कुणीतरी ग्रामसभेला या. पाऊस पडायच्या आधी या, म्हणजे रस्ता असतो. ठराव, नकाशे, दाव्याच्या पोचपावत्या सगळं फाइलला लावून ठेवलं आहे. रान दाखवायला आमच्या बायका येतील. चप्पल धड घाला, तारेपलीकडे चराच्या कडेने बरंच चालावं लागतं.

आपली,
सचिव, गाव वन हक्क समिती
एक वारली पाडा, जि. पालघर